परार्धाच्या पलीकडचा प्रकाश

देवळा, उमराणे, लोहोणेर या पट्ट्यात कांद्याचं उळे, म्हणजे बियाणं, कुणाला दाखवावं लागत नाही. काळा, कोनदार दाणा, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास, एका ग्रॅमला साधारण तीनशे. पुढच्या सगळ्या मोजमापाला हाच दाणा घेऊ.

कॅन्सरच्या पेशी शोधण्यासाठी आणि प्रकाशाच्या मदतीने जाळण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत सोन्याचे कण बनवले जातात. त्यांतला ५० नॅनोमीटरचा एक कण घ्या. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हा कण ४०,००० पट मोठा केला तर उळ्याच्या दाण्याएवढा होईल. पण मग ज्याच्या शिरेत हे कण टोचायचे, तो माणूसही ४०,००० पट मोठा करायला हवा. १ मीटर ६५ सेंटिमीटरचा माणूस मग ६६ किलोमीटर लांब होतो. देवळ्याहून नाशिक सरळ रेषेत जवळपास तेवढंच आहे. म्हणजे पाय देवळ्यात, कंबर पिंपळगाव बसवंतच्या आसपास, छाती ओझरच्या बाजूला आणि डोकं नाशकात. या अवाढव्य देहात लाल रक्तपेशी फूटभर रुंद असेल आणि कॅन्सरची पेशी दोन फुटांची. छातीत एक सेंटिमीटरची गाठ असेल तर तिचा व्यास ४०० मीटर भरेल. हाताच्या शिरेतून सोडलेल्या उळ्याच्या दाण्याने रक्ताच्या प्रवाहातून ओझरजवळच्या त्या गाठीत शिरायचं, तिथल्या दोन फुटांच्या पेशीला जाऊन चिकटायचं आणि बाहेरून प्रकाश पडेपर्यंत तिथेच थांबायचं, असा हा सगळा बेत आहे.

असे दाणे किती लागतात, याचा हिशेब कुणालाही मांडता येतो. गोलाचं आकारमान काढायचं आणि सोन्याच्या घनतेने, म्हणजे १९.३ ने गुणायचं. एका ग्रॅम सोन्यात ५० नॅनोमीटरचे कण होतात आठावर चौदा शून्यं, म्हणजे ८०० लाख कोटी. इतक्या मोठ्या संख्या मोजायला आपल्याकडे जुनी, पक्की सोय आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त दशमान स्थानांची यादी दिली: अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. जलधीवर चौदा शून्यं, परार्धावर सतरा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. देवळ्याहून ते ठिकाण शंभरेक किलोमीटरवर. आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात शिकवली गेलेली ही यादी नॅनोकणांच्या हिशेबाला चपखल बसते, याचा मला मनापासून आनंद होतो. एका ग्रॅमचे कण भरले ८ जलधी.

८ जलधी म्हणजे किती, ते पुन्हा उळ्याने मोजू. तेवढे कांद्याचे दाणे गोळा केले तर त्यांचं वजन २६ लाख टनांवर जाईल. हेक्टरी दहा किलो बियाणं धरलं तर त्यावर सुमारे २६ कोटी हेक्टर लागवड होईल. भारतात पिकाखालचं निव्वळ क्षेत्र आहे १४ कोटी हेक्टरच्या घरात. म्हणजे देशातलं सगळं शेत कांद्याखाली आणलं तरी जवळपास निम्मं बियाणं उरेल. आणि हे सारं एका ग्रॅम सोन्यातून, जेवढं एखाद्या बारीक अंगठीत असतं तेवढ्यातून.

बारीक केल्याने दुसरी एक गोष्ट वाढते, ती म्हणजे पृष्ठभाग. एक ग्रॅम सोन्याचा घन ठोकळा केला तर त्याच्या सहाही बाजू मिळून एक चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत. त्याच सोन्याचे ५० नॅनोमीटरचे कण केले तर एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटरच्या वर जातो, ७५,००० पट. सव्वासोळा ग्रॅम सोन्याच्या कणांचा पृष्ठभाग एक गुंठा भरतो. कॅन्सरची पेशी ओळखणारे रेणू, औषधाचे रेणू, रक्तातल्या पहारेकरी पेशींना चकवणारं आवरण, हे सगळं बसवायला जागा लागते ती याच पृष्ठभागावर.

पण सोनं निवडलं ते एवढ्यासाठी नाही. सोनं निवडलं ते त्याच्या प्रकाशाशी असलेल्या नात्यासाठी. ५० नॅनोमीटरच्या कणात सुमारे ३९ लाख अणू असतात आणि प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन मोकळा फिरत असतो. प्रकाशाची लाट कणापेक्षा कितीतरी लांब असते. ८०० नॅनोमीटरची लाट आपल्या मोठ्या केलेल्या जगात सव्वातीन सेंटिमीटरची होईल आणि दाणा मात्र दोन मिलिमीटरचा. त्यामुळे आख्खा कण एकाच वेळी लाटेच्या एकाच भागात सापडतो आणि त्यातले लाखो इलेक्ट्रॉन एकजुटीने इकडून तिकडे हेलकावे खाऊ लागतात, सेकंदाला पावणेचार जलधी वेळा. लाटेची आणि हेलकाव्याची लय जुळली की कण आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त प्रकाश शोषतो. शोषलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांकडून कणाच्या अणूंना मिळते, ती सेकंदाच्या एक महापद्मांशाच्या आसपासच्या काळात. तिथून ती भोवतालच्या पाण्यात जाते. कण म्हणजे एक सूक्ष्म शेगडी होतो, आणि ती शेगडी पेटवायची की नाही हे बाहेर उभ्या असलेल्या डॉक्टरच्या हातात असतं. प्रकाश बंद केला की ती विझते. मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत भावलेली गोष्ट हीच. केमोथेरपीचं औषध एकदा शिरेत गेलं की ते जिथे जाईल तिथे काम करतं, केसांच्या मुळांशीही आणि आतड्याच्या अस्तरातही. इथे कण शरीरभर फिरला तरी उजेड जिथे पाडला तिथेच तो तापतो.

मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याचं गर्द लाल द्रावण बनवलं आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो असं मांडलं. गोल कण ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात, म्हणून द्रावण लाल दिसतं. अडचण अशी की हिरवा प्रकाश शरीरात शिरतच नाही. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर तळहात ठेवून पाहा: पांढऱ्या उजेडातला फक्त लाल भाग पलीकडे निघतो, बाकीचा रक्तातलं हिमोग्लोबिन खाऊन टाकतं. लालच्याही पुढे, डोळ्यांना न दिसणाऱ्या ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या निकट-अवरक्त पट्ट्यात, रक्तही कमी शोषतं आणि पाणीही. शरीराच्या भिंतीतली ही एक खिडकी आहे. तेव्हा सोन्याला त्या खिडकीच्या लयीवर आणायला हवं, आणि ते करायचं तर कणाचा आकार बदलावा लागतो. गोलाऐवजी कांडी, पोकळ कवच, चपटा त्रिकोण असे आकार. धातू तोच, पण आकार बदलला की तो निराळा प्रकाश गिळतो.

यातला त्रिकोण पुण्यात बनला, आणि तोही गवती चहातून. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सस्त्री यांच्या गटाने गवती चहाची पानं पाण्यात उकळून काढलेला अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला, तेव्हा साध्या खोलीच्या तापमानाला सोन्याचे पातळ, सपाट त्रिकोणी कण मोठ्या प्रमाणात तयार झाले. एस. शिव शंकर, अखिलेश राय, बालाप्रसाद अंकमवार, अमित सिंग, अबसार अहमद आणि सस्त्री यांचा हा शोधनिबंध २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आला. हे त्रिकोण त्या अदृश्य खिडकीतला प्रकाश भरपूर शोषतात. याचा अर्थ गवती चहा प्यायल्याने कॅन्सर बरा होतो असा अजिबात नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. वनस्पतीचा अर्क इथे सोन्याला आकार देण्याच्या कामाला आला, इतकंच. तिकडे पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी आणि सुरेश गोसावी यांच्या गटात सिलिकाच्या गोळ्यावर सोन्याचं कवच चढवलेल्या कणांवर वर्षानुवर्षं काम झालं. २००६ मध्ये सुचिता कळेले यांच्यासह त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये या कवचकणांचा विस्तृत आढावा लिहिला. देवळ्याचं कर्मवीर रामरावजी आहेर महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे तिथे बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींसाठी हे काम परक्या देशातलं नाही, त्यांच्याच विद्यापीठाच्या घरातलं आहे.

आता लेसरकडे वळू. ८०८ नॅनोमीटरचा एक वॉटचा लेसर, म्हणजे शक्तीच्या मापात अगदी किरकोळ, घरातला रात्रीचा छोटा दिवासुद्धा अनेकदा याहून जास्त वीज घेतो. हा लेसर सेकंदाला किती प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, बाहेर टाकतो? चारावर अठरा शून्यं. भास्कराचार्यांची यादी परार्धावर संपते, आणि हा एक वॉटचा उजेड एका सेकंदात ४० परार्ध फोटॉन सोडतो. सेकंदाच्या चाळिसाव्या भागात यादी संपून जाते. हा झोत एका चौरस सेंटिमीटरवर टाकला तर लय जुळलेला सोन्याचा एकेक कण त्यातले सेकंदाला कोट्यवधी फोटॉन गिळतो. गाठीचं तापमान ३७ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला ग्रॅममागे पन्नासेक ज्यूल पुरतात. म्हणजे उष्णता वाया गेली नाही तर एका वॉटच्या झोताला एक मिनिटही लागणार नाही. ४२-४३ अंशांपासून पेशींना त्रास सुरू होतो, पन्नाशीच्या पुढे काही मिनिटांत त्या मरतात, साठ अंशांना प्रथिनं जवळजवळ लगेच गोठतात.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की एकीकडे जलधीने कण, दुसरीकडे परार्धाने फोटॉन, मग कॅन्सर उरतोच कसा? मोठ्या आकड्यांची भूल इथेच पडते. या विषयावरच्या बातम्या बहुतेक वेळा इथेच थांबतात, आणि मला ते मान्य नाही, कारण रुग्णाच्या दृष्टीने खरा हिशेब इथून पुढे सुरू होतो.

समोर कोण उभं आहे ते आधी पाहू. एक पेशी दुप्पट होत होत दहा दुपटींत हजार होतात, वीस दुपटींत दहा लाख, तीस दुपटींत एक अब्ज. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत १० कोटी ते १ अब्ज पेशी असतात असं धरलं जातं. त्यानंतर आणखी दहा दुपटी झाल्या की पेशी एक महापद्म होतात आणि गाठ किलोभर. प्रत्यक्षात बऱ्याच पेशी वाटेत मरतात, त्यामुळे हा हिशेब इतका सरळ चालत नाही. तरी एक गोष्ट त्यातून उघड होते. हाताला गाठ लागते तोवर रोगाचा तीन चतुर्थांश प्रवास होऊन गेलेला असतो. म्हणून प्रकाशाचं पहिलं काम जाळण्याचं नाही, दाखवण्याचं आहे.

दाखवण्यात आजवर सर्वांत कामी आला तो एक साधा हिरवा रंग, इंडोसायनिन ग्रीन. अमेरिकेत त्याला १९५९ मध्ये मान्यता मिळाली. निकट-अवरक्त प्रकाश पाडला की हा रंग स्वतः चमकतो, आणि विशेष कॅमेऱ्यातून सर्जनला रक्तवाहिन्या, लसिकाग्रंथी दिसू लागतात. आकारानुसार निरनिराळ्या रंगांत चमकणारे क्वांटम डॉट नावाचे कण त्याहून देखणे, त्यांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्यांच्यातल्या अनेकांत कॅडमियम असतं आणि ते शरीरात सोडायला कुणी धजावत नाही. मला जास्त आशा वाटते ती प्रकाशाचा आवाज ऐकण्याच्या तंत्रातून. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या १८८० मध्ये लक्षात आलं होतं की तुटक तुटक प्रकाश पडला की पदार्थातून ध्वनी निघतो. आज लेसरचा काही नॅनोसेकंदांचा झोत आत सोडतात, कण क्षणभर तापून फुगतो आणि ध्वनिलहर उठते. तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने वाढलं तरी सुमारे ८०० पास्कल दाबाची लाट तयार होते, आणि सोनोग्राफीसारख्या यंत्राला ती ऐकू येते. प्रकाशाला इथे फक्त आत जायचं असतं. परतीचा प्रवास ध्वनी करतो, आणि ध्वनी शरीरात प्रकाशापेक्षा फार कमी विखुरतो. त्यामुळे काही सेंटिमीटर खोलवरचं दिसतं.

आता कणांच्या प्रवासाकडे. टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये त्याआधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले की टोचलेल्या नॅनोकणांतले गाठीपर्यंत किती पोचतात. मध्यक निघाला ०.७ टक्के. म्हणजे हजारातले सात. दोन वर्षांनी त्याच गटाने आणखी खोलात जाऊन मोजलं: गाठीत पोचलेल्यांतले खुद्द कॅन्सरच्या पेशींपर्यंत किती जातात? उत्तर होतं, टोचलेल्या दहा लाखांतले चौदाहून कमी. आणि शंभर कॅन्सर पेशींतल्या फक्त दोन पेशींशी कणांची गाठ पडत होती. उळ्याच्या भाषेत सांगायचं तर सव्वातीन किलो बियाणं टाकलं आणि चौदा रोपं उगवली. कुठल्याही शेतकऱ्याने असं बियाणं दुकानात परत नेऊन दिलं असतं. एक मिलिग्रॅम सोन्याचे ८ निखर्व कण घेतले तर या प्रमाणाने पेशींपर्यंत जातात एक कोटी दहा लाख, आणि समोर एक अब्ज पेशी. नव्वद पेशींमागे एक कण.

बाकीचे जातात कुठे? हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं, म्हणजे शरीरातलं सगळं रक्त मिनिटात एक फेरी करतं. त्यातला चौथा हिस्सा प्रत्येक फेरीत यकृत आणि प्लीहेच्या वाटेने जातो. तिथे परक्या कणांना पकडणाऱ्या भक्षक पेशी बसलेल्या असतात, आणि जंतूंपासून आपल्याला वाचवणाऱ्या त्याच. दहा मिनिटांत शंभरातले चौऱ्याण्णव कण निदान एकदा तरी त्यांच्यासमोरून गेलेले असतात.

उष्णतेच्या उपचाराला एक सवलत मिळते, हे मात्र सांगायला हवं. औषध पोचवायचं तर ते पेशीच्या आतच जायला हवं. उष्णतेचं तसं नाही. कण पेशीला न चिकटता गाठीत नुसता अडकून पडला, किंवा गाठीतल्या भक्षक पेशीच्या पोटात असला, तरी तो तापतो आणि शेजारच्या पेशी भाजून निघतात. इथे दहा लाखांतल्या चौदांचा हिशेब लागू नाही, हजारातल्या सातांचा लागू आहे. फरक पाचशे पटींचा.

दुसरा प्रश्न जाण्याचा नाही, बाहेर पडण्याचा. सोनं शरीरात विरघळत नाही. मूत्रपिंडाच्या चाळणीतून साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठं काही सहज जात नाही. आपल्या मापाने पाव मिलिमीटरहून लहान छिद्र, आणि दाणा दोन मिलिमीटरचा. छिद्रातून जाईल इतका लहान कण बनवला तर तो गाठीपर्यंत पोचायच्या आधीच लघवीतून निघून जातो. मोठा बनवला तर यकृतात वर्षानुवर्षं पडून राहण्याची भीती. जाताना मोठा आणि परतताना लहान, असा कण हवा.

नेमका असा कण मुंबईत बनला. त्यावर काम करत होते आयआयटी मुंबईत रोहित श्रीवास्तव आणि रिंती बॅनर्जी, आणि खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात, अभिजित डे. तेव्हा आयआयटीत असलेले अरविंद कुमार रेंगन हे या कामातले पहिले लेखक. त्यांनी अखंड सोन्याचा कण बनवलाच नाही. आपल्या पेशींच्या पडद्यांत असतात तशाच स्निग्ध रेणूंची एक पोकळ कुपी, लायपोसोम, घेतली आणि तिच्यावर सोन्याचे बारीक बारीक कण दाटीने बसवले. दाटीमुळे ते एकत्र मिळून निकट-अवरक्त प्रकाश शोषतात, सुट्या बारीक कणांना ते जमत नाही. प्रकाश पडला, काम झालं, की कुपी विरते आणि काही नॅनोमीटरचे सुटे कण मोकळे होतात. ते यकृत आणि मूत्रपिंड या दोन्ही वाटांनी बाहेर पडतात. उंदरांमधल्या गाठी या उपचाराने नाहीशा झाल्या, उंदीर जास्त जगले, आणि सोनं बाहेर पडत असल्याचंही त्यांनी दाखवलं. २०१५ मध्ये ‘नॅनो लेटर्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. देवळ्याहून खारघर-परळचं अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरातलं. टाटा रुग्णालयात उपचारासाठी जाणाऱ्या आपल्या भागातल्या माणसांना ठाऊक नसतं की त्याच संस्थेच्या दुसऱ्या आवारात त्यांच्या रोगावर असंही काम चाललेलं असतं. ते त्यांना कळायला हवं असं मला तीव्रतेने वाटतं.

पण उंदीर आणि माणूस यांच्यात दोन आकडे आडवे येतात.

पहिला वजनाचा. उंदीर २० ते २५ ग्रॅमचा, त्याच्या कातडीखाली वाढवलेली गाठ एक ग्रॅमची, म्हणजे शरीराचा विसावा-पंचविसावा हिस्सा. साठ किलोच्या माणसात हेच प्रमाण धरलं तर गाठ अडीच-तीन किलोची व्हायला हवी. माणसातली एक ग्रॅमची गाठ शरीराचा साठ हजारावा भाग असते. उंदरात हजारातले सात कण गाठीत गेले म्हणून माणसातही जातील असं म्हणता येत नाही.

दुसरा आकडा खोलीचा, आणि तो जास्त कठोर आहे. निकट-अवरक्त प्रकाशाचा जोर शरीरात दर काही मिलिमीटरला घटत जातो. मऊ ऊतीत चार मिलिमीटर आत गेलं की ३७ टक्के उरतो असं धरू. आठ मिलिमीटरवर त्याचेही ३७ टक्के. अशा दहा पायऱ्या उतरून चार सेंटिमीटरवर पोचलं की मूळ प्रकाशाचा फक्त बावीस हजारावा भाग शिल्लक असतो. ४० परार्ध फोटॉनांतले तरीही जवळपास २ जलधी तिथे पोचतात. संख्या म्हणून ती अजूनही अचाट आहे. पण ऊर्जा म्हणून तो वॉटचा बावीस हजारावा भाग आहे, आणि त्याने गाठीचं तापमान अंशभरही वाढत नाही, कारण वाहतं रक्त तेवढी उष्णता केव्हाच घेऊन जातं. बाहेरून झोत वाढवावा तर वरची कातडी आधी भाजते. उंदराची गाठ कातडीखाली दोन-चार मिलिमीटरवर असते, माणसाचं स्वादुपिंड पोटात खोल असतं.

म्हणून माणसांवरच्या प्रयोगात लेसरच आत न्यावा लागला. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचं कवच असलेले, सुमारे १५० नॅनोमीटरचे कण घडवले आणि २००३ मध्ये उंदरांत त्यांचा प्रभाव दाखवला. त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१९ मध्ये, न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले निष्कर्ष आले. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेले १६ पुरुष, आदल्या दिवशी शिरेतून सोन्याचे कण, दुसऱ्या दिवशी एमआरआयच्या आधाराने प्रोस्टेटमध्ये घातलेल्या तंतूंमधून लेसर. सोळातल्या पंधरांत उपचार पूर्ण करता आला. जलधी आणि परार्ध ओलांडून आलेल्या या शास्त्राचा माणसांमधला हा आकडा असा दोन अंकी होता. मला तो निराश करत नाही. सोळा वर्षं खपून मिळवलेला तो आकडा आहे आणि त्यामागे सोळा खरी माणसं आहेत.

महाराष्ट्रात हा हिशेब कुठे जुळतो, असं मला कुणी विचारलं तर मी तोंडाकडे बोट दाखवीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात १४.१ लाख लोकांना नव्याने कॅन्सर झाला आणि ९.१६ लाख दगावले. त्यांत ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण १.४३ लाखांहून जास्त, दर दहांत एक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू, मिश्री घरोघर आहे, आणि मिश्री लावणाऱ्यांत आपल्या आया-आज्ज्या आहेत. हा कॅन्सर आधी पांढऱ्या किंवा लाल चट्ट्यासारखा दिसतो आणि सुरुवातीला उथळ असतो. चार सेंटिमीटरवर जिथे बावीस हजारावा भाग उरतो, तिथे पाच मिलिमीटरवर त्याच प्रकाशाचा पाव हिश्शाहून जास्त भाग पोचतो. शिवाय कण शिरेतून पाठवण्याची गरजच नाही, थेट चट्ट्यात टोचता किंवा लावता येतात. यकृताचा पहारा वाटेत लागतच नाही. ज्या दोन प्रमाणांनी या शास्त्राला रोखून धरलं आहे, ती दोन्ही तोंडात आपल्या बाजूला झुकतात.

प्रकाश तिथे काम करतो याचा पुरावा भारतातच आहे, नॅनोकणांशिवायचा. अलीगढच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात बोस्टनच्या तय्यबा हसन यांच्या गटाबरोबर, सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर असलेल्या तीसेक रुग्णांवर प्रकाशगतिक उपचार झाला. यात उष्णता नसते. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल दिलं की पेशी स्वतःच एक प्रकाशसंवेदी द्रव्य बनवतात, आणि लाल प्रकाश पडला की ते द्रव्य जवळच्या ऑक्सिजनला क्षणभरासाठी जहाल करतं. तो जहाल ऑक्सिजन काही मायक्रोसेकंदच टिकतो आणि जन्मल्या जागेपासून फार तर काही शेकडो नॅनोमीटर जातो, आपल्या मापाने काही दाण्यांच्या अंतरावर. शेजारची निरोगी पेशी त्यामुळे वाचते. अलीगढला महागडा लेसर नव्हता. बॅटरीवर चालणारे, हातात मावणारे एलईडी होते आणि चट्टा पाहायला स्मार्टफोनचा कॅमेरा. बहुतेक रुग्णांत गाठ पूर्णपणे विरली. एक महत्त्वाची अट होती: जखमेची खोली पाच मिलिमीटरच्या आत असावी.

आपल्याकडे बहुतेक रुग्ण ती खोली ओलांडल्यावर येतात. तोंड पुरतं उघडेनासं झालं, गिळताना दुखू लागलं, मानेत गाठ आली, की मग नाशिक, मग मुंबई. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे आणि ती गावपातळीवरच्या आरोग्यकेंद्रात व्हायची असते. त्या तपासणीला ना लेसर लागतो ना सोनं. टॉर्च लावून गालाच्या आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहायची असते. पाच मिलिमीटरच्या आतली जखम सापडायची ती तिथेच, आणि मुंबईत तयार झालेल्या कणांना माणसात पहिल्यांदा काम मिळायचं तेही अशाच जखमेत.